नावामागची वाट : संगणकातील पत्त्यांचा आणि दुव्यांचा इतिहास

पत्ता सांगण्याच्या दोन रीती जगात फार पूर्वीपासून चालत आल्या आहेत. एक रीत मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाण्याची : देश भारत, राज्य महाराष्ट्र, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तालुका पैठण, गाव चितेगाव. दुसरी रीत आपण जेथे उभे आहोत तेथून सांगण्याची : पैठण रस्त्याने सरळ जा, चौदाव्या किलोमीटरचा दगड लागला की थांबा. ही दुसरी रीत केवळ खेडवळ माणसांची आहे असे कोणी समजू नये. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता '१४ किलोमीटर दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, गाव चितेगाव, तालुका पैठण' असाच कागदोपत्री लिहिला जात असे. एवढ्या मोठ्या कंपनीनेही रस्त्याच्या कडेचा दगडच प्रमाण मानला.

संगणकाच्या पोटातही या दोनच रीती आहेत. मुळापासून सांगितलेल्या वाटेला संपूर्ण पत्ता म्हणतात, आणि आपण ज्या फोल्डरमध्ये बसलो आहोत तेथून सांगितलेल्या वाटेला सापेक्ष पत्ता. पहिला लांब, पण कोठूनही सांगितला तरी एकाच ठिकाणी नेणारा. दुसरा सुटसुटीत, पण सांगणाऱ्याची जागा बदलली की फसणारा. चौदा किलोमीटरचा दगड पैठणहून मोजू लागलात तर चितेगाव लागणार नाही. औरंगाबाद म्हणाल तर ते बिहारमध्येही आहे.

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या विषयावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. संगणकशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. पण हजेरी, पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सारे आज फाईलींत आहे, आणि फाईल सापडली नाही तर कामगाराचे वर्ष सापडत नाही, ही गोष्ट आम्ही पदरमोड करून शिकलो. आमच्या चळवळीचा आणि या यंत्राचा संबंधही जुना आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील संगणकाला कर्मचाऱ्यांनी विरोध केला. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, आणि पुढे रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांत जी यंत्रे आली त्यांवर 'युनिक्स' नावाची कार्यप्रणाली बसविण्याचे धोरण ठरले. म्हणजे आज ज्या युनिक्सची हकीकत आम्ही सांगणार आहोत, ती या देशात कामगारांच्या सहीनेच आली असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

युनिक्सच्या आधीची एक पायरी सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९६५ साली मॅसॅच्युसेट्सची तंत्रज्ञान संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची प्रचंड कार्यप्रणाली बांधावयास घेतली. त्याच वर्षी डेली आणि न्यूमन या दोघांनी एका परिषदेत तिच्या फाईलव्यवस्थेवर निबंध वाचला. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशी झाडासारखी रचना त्यात मांडलेली आहे. आणि एका फोल्डरमध्ये बसून दुसऱ्या ठिकाणच्या फाईलीकडे बोट दाखविणारा 'दुवा' हाही त्यातच आहे. हा दुवा म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती. पुढे ज्याला सिंबॉलिक लिंक म्हणू लागले तिची मूळ कल्पना ही.

मल्टिक्स लांबले, खर्च वाढला, आणि १९६९ साली बेल प्रयोगशाळा त्यातून बाहेर पडली. हात रिकामे झालेल्या केन थॉम्प्सन यांनी त्याच उन्हाळ्यात, प्रयोगशाळेत पडून असलेल्या पीडीपी-७ नावाच्या छोट्या यंत्रावर स्वतःची लहानशी प्रणाली लिहिली. डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. हीच युनिक्स. गंमत अशी की या पहिल्या अवतारात लांब पत्ता सांगण्याची सोयच नव्हती. आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्यातलेच एक नाव सांगता येई. शेजारच्या फोल्डरमधली वस्तू हवी असेल तर आधी तिला आपल्या फोल्डरमध्ये एक नाव देऊन ठेवायचे आणि मग त्या नावाने हाक मारायची. पीडीपी-११ हे यंत्र आल्यावर तिरक्या रेघांनी जोडलेला लांब पत्ता आला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिकेपर्यंत ही व्यवस्था बरीचशी आजच्यासारखी झालेली होती.

ही 'नाव देऊन ठेवण्याची' गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आपल्या शेतजमिनीचे उदाहरण घ्यावे. जमीन एक, तिचा गट क्रमांक एक. पण लोकांच्या तोंडी तिला नावे अनेक. कोणी तिला 'विहिरीचा मळा' म्हणतो, कोणी 'पाटलाची पट्टी'. यांपैकी कोणते नाव खरे असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही; दोन्ही नावे एकाच गट क्रमांकाकडे जातात आणि दोघांचा दर्जा सारखा. युनिक्समध्ये प्रत्येक फाईलीला असाच एक क्रमांक असतो, त्याला 'आयनोड' म्हणतात. फाईलीचा मालक कोण, आकार किती, मजकूर तबकडीवर कोठे, हे सारे या क्रमांकाच्या नोंदीत असते. नाव मात्र त्या नोंदीत नसते. नावे फोल्डरमध्ये राहतात. फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची वही, दुसरे काही नाही. एकाच क्रमांकाला दुसरे नाव जोडले की ती 'हार्ड लिंक' झाली. अशी किती नावे जोडली आहेत याची मोजणी आयनोडमध्ये ठेवलेली असते. एक नाव पुसले की मोजणी एकाने उतरते. शेवटचे नाव पुसले गेले, आणि कोणी ती फाईल उघडून बसलेला नसला, की मगच वस्तू नाहीशी होते.

योजना इतकी सुबक की तिच्यात दोष काढण्यास जागा नाही असे प्रथमदर्शनी वाटते. पण गट क्रमांकाची मर्यादा आपणांस ठाऊक आहे : तो त्या त्या गावापुरताच. चितेगावातील गट ६५ आणि बिडकिनातील गट ६५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयनोडचा क्रमांकही तसाच, त्या एका तबकडीपुरता. म्हणून एका तबकडीवरच्या वहीत दुसऱ्या तबकडीवरच्या फाईलीचे नाव हार्ड लिंकने लिहिता येत नाही. दुसरी अडचण फोल्डरांची. एका फोल्डरला दोन ठिकाणांहून नावे देऊ लागलो तर झाडाचे जाळे होते, आणि 'वरचा फोल्डर कोणता' या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळू लागतात. म्हणून थॉम्प्सन व रिची यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातच सांगून टाकले आहे की सामान्य फाईलींना अनेक नावे चालतील, फोल्डरांना नाही.

यावर तोड निघाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींकडून. ऑगस्ट १९८३ मध्ये त्यांनी '४.२ बीएसडी' ही आवृत्ती बाहेर काढली. मॅकक्यूसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी तिच्यासाठी नवी फाईलव्यवस्था रचली होती, आणि तिच्यात मल्टिक्सची जुनी चिठ्ठी नव्या नावाने परत आली. तीच सिंबॉलिक लिंक. ही लिंक क्रमांकाला हात लावीत नाही. ती स्वतः एक चिमुकली फाईल असते आणि तिच्या पोटात केवळ दुसरा एक पत्ता, अक्षरांत, लिहिलेला असतो. संगणक वाट चालता चालता या लिंकपाशी आला की चिठ्ठी उघडतो, त्यातला पत्ता मूळ पत्त्याच्या जागी घालतो आणि पुढे चालू लागतो. चिठ्ठीतला पत्ता मुळापासून सुरू होत असेल तर मुळाशी जाऊन आरंभ करतो. सापेक्ष असेल तर ती चिठ्ठी ज्या फोल्डरमध्ये पडली आहे तेथून. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनेक जण समजतात की सापेक्ष पत्ता वाचणाऱ्याच्या जागेवरून मोजला जातो. तसे नाही, चिठ्ठीच्या जागेवरून मोजला जातो. म्हणून अशी लिंक उचलून दुसरीकडे ठेवली की ती बहुधा भलतीकडे बोट दाखवू लागते.

त्याच ४.२ बीएसडीत आणखी एक गोष्ट आली, ती लोकांच्या ध्यानात फारशी राहिली नाही. नाव बदलण्याची आज्ञा. तोवर युनिक्सला 'नाव बदल' असे एका दमात सांगताच येत नसे. आधी नवे नाव जोडायचे, मग जुने पुसायचे. मधल्या क्षणी दोन्ही नावे जिवंत, आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले तर दोन्ही तशीच राहणार. आता नवे नाव येणे आणि जुने जाणे हे बाहेरून पाहणाऱ्याला एकाच क्षणी घडलेले दिसू लागले.

गावांची नावे मात्र आजही जुन्याच पद्धतीने बदलतात. मलिक अंबरने १६१० साली वसविलेली खडकी, १६२६ साली फतेहनगर, १६५३ साली औरंगाबाद, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्याचे आणि विभागाचे नाव त्याच वर्षी सप्टेंबरात बदलले. रेल्वे स्थानकाचे नाव बदलले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि त्याबरोबर 'एडब्ल्यूबी' हे संकेताक्षर जाऊन 'सीपीएसएन' आले. विमानतळाचे 'आयएक्सयू' हे अक्षर मात्र तेच राहिले. मुंबई १९९५ साली मुंबई झाली तरी तेथील उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव 'बॉम्बे'च आहे. आमच्या विद्यापीठाचे उदाहरण तर यापुढे जाते. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळण्यासाठी जो लढा झाला त्यात माणसे मेली, घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी जे घडले त्याला 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हटले गेले, कारण जुने नाव नव्याच्या पोटात ठेवले होते. नाव ही वस्तू नव्हे, असे संगणकशास्त्र सांगते. ते क्रमांकांच्या जगात खरे असेल.

असो. लिंक आली, आणि तिच्याबरोबर तिचे आजारही आले. पहिला आजार भोवऱ्याचा. 'अ' या लिंकमध्ये 'ब' चा पत्ता, 'ब' मध्ये 'अ' चा. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी अर्ज नेला आहे त्याला हा भोवरा समजावून सांगण्याची गरज नाही : तलाठ्याने तहसिलीत जा म्हणावे, तहसिलीने तलाठ्याचा दाखला आणा म्हणावे. माणूस दमून घरी जातो, यंत्र दमत नाही. ते अनंतकाळ फिरत राहील. म्हणून बर्कलीच्या मंडळींनी मर्यादा घातली : एका वाटेत आठ चिठ्ठ्यांपर्यंत चालू, त्यापुढे नाही. येथे एक बारकावा आहे. भोवरा खरोखर आहे की नाही हे यंत्र शोधीत बसत नाही; ते केवळ मोजते, आणि मर्यादा ओलांडली की 'सिंबॉलिक लिंकांचे थर फार झाले' असे उत्तर देते. त्यामुळे सरळ पण लांबलचक साखळीलाही तेच उत्तर मिळते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये ही मर्यादा चाळीस आहे.

दुसरा आजार याहून वाईट, कारण तो गुपचूप होतो. चिठ्ठीतल्या पत्त्यावरची वस्तू कोणी हलविली वा पुसली, तर चिठ्ठीला त्याचा पत्ता लागत नाही. ती होती तशीच बोट दाखवीत राहते, बोटापुढे काही नसते. अशा लिंकेला लोंबकळती लिंक म्हणतात. फोल्डरची यादी काढली तर तिचे नाव दिसते. ती उघडावयास गेलो तर 'अशी फाईल किंवा फोल्डर नाही' असे उत्तर येते. यादीत आहे आणि तरीही नाही.

हे उत्तर युनिक्सच्या चुकांच्या यादीत क्रमांक दोनवर आहे, यावरून ते किती जुने हे कळेल. आणि आमच्या मते सबंध यंत्रशास्त्रात याच्याइतके अपुरे वाक्य दुसरे नाही. इतर उत्तरे बरीच प्रामाणिक आहेत. वाटेत फोल्डर असावयास हवे तेथे साधी फाईल निघाली तर यंत्र 'हे फोल्डर नव्हे' असे म्हणते. वाटेतील एखाद्या फोल्डरमध्ये शिरण्याचा तुम्हांस अधिकार नसेल तर 'परवानगी नाही' असे स्पष्ट सांगते. नाव मर्यादेपेक्षा लांब असेल तर तसेही सांगते. पण 'नाही' या एका शब्दात यंत्राने कितीतरी निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. शेवटचे नाव सापडले नाही, तरी 'नाही'. वाटेतले मधलेच एखादे फोल्डर सापडले नाही, तरी 'नाही'. कोणते ते सांगणार नाही. लिंक आहे पण तिच्यापुढची वस्तू गेली, तरी 'नाही'. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे, फाईल डोळ्यांपुढे आहे, पण ती चालविण्यासाठी तिच्या पहिल्या ओळीत ज्या दुसऱ्या प्रोग्रामचा पत्ता दिला आहे तो प्रोग्राम त्या जागी नाही, अशा वेळीही हेच उत्तर : अशी फाईल नाही. नवशिक्या प्रोग्रामरांना या एका उत्तराने जितके रडविले असेल तितके कोणी रडविले नसेल. खिडकीतला कारकून 'नाव नाही' म्हणून खिडकी लावून घेतो, तेव्हा कोणत्या वहीत नाही, कोणत्या पानावर नाही, हे विचारावयाचे असते. यंत्रालाही तेच विचारावे लागते. पत्त्याचा एकेक तुकडा चालून पाहावा लागतो, आणि लिंक लागेल तेथे चिठ्ठी काय म्हणते ते न उघडता वाचावे लागते. त्यासाठी युनिक्सने दोन वेगळ्या विचारणा ठेवल्या आहेत : एक लिंकेच्या पलीकडची वस्तू पाहणारी, दुसरी लिंकेलाच पाहणारी. ज्याला हा भेद कळला त्याचे निम्मे काम झाले.

आता मराठीकडे येतो, कारण येथे आमचा स्वतःचा संबंध आहे.

१९७४ च्या युनिक्समध्ये फाईलीच्या नावाला चौदा अक्षरांची मर्यादा होती. ही अक्षरे इंग्रजी, एका अक्षराला एक बाइट. देवनागरी संगणकात शिरण्यास वेळ लागला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा प्रमाणसंकेत झाला, त्याच्या आधाराने १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली, आणि १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन यांनीच, रॉब पाइक यांच्या जोडीने, 'यूटीएफ-८' ही मांडणी शोधून काढली. हिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त असो, तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने पाहिले तर चौदा बाइटांच्या जुन्या मर्यादेत 'खडकी' हे नाव बारा बाइटांत बसले असते. 'पैठण' हेही बसले असते. 'चितेगाव' बसले नसते. त्याला एकवीस लागतात. 'औरंगाबाद'ला चोवीस, आणि 'छत्रपती संभाजीनगर'ला मधल्या मोकळ्या जागेसह एकूणपन्नास. सुदैवाने बर्कलीने १९८३ सालीच नावाची मर्यादा २५५ वर नेली होती. तरीही मराठी माणसाच्या वाट्याला तीत पंच्याऐंशी चिन्हेच येतात, आणि सरकारी परिपत्रकाचे शीर्षक जसेच्या तसे फाईलीला द्यावयाचे म्हटले तर ती पुरत नाहीत.

पण लांबीपेक्षा घातक गोष्ट दुसरी आहे. लिनक्ससारखी प्रणाली फाईलीचे नाव वाचीत नाही. ती बाइट जुळवून पाहते. डोळ्यांना जे सारखे दिसते ते तिला सारखे असेलच असे नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्यावा. त्यातला तो पापणीसारखा वाकलेला अर्धा र किमान तीन प्रकारे टंकता येतो : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, साध्या 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र', हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखीच उमटतात. पोटात पहिल्याची बाइट-संख्या एकवीस, इतर दोहोंची चोवीस. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यातील कंत्राटी कामगारांचे प्रकरण आमच्या संघटनेकडे आले. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाला २४० दिवसांच्या सलग सेवेची जी अट होती, ती आपण पुरी केली आहे असे चौदा कामगारांचे म्हणणे; कचेरीच्या तक्त्यात त्यांचे दिवस शंभराच्या आसपास. कामगार खोटे बोलतात असे तेथे गृहीतच धरले होते. आम्ही महिन्यामहिन्याची हजेरी मागितली. उत्तर आले की पहिल्या पाळीची आहे, दुसऱ्या पाळीची फाईलच नाही. यंत्रात शोधून पाहिले, यंत्र नाही म्हणते. आमच्याबरोबर संगणक शिकलेला एक तरुण कामगार होता. त्याने परवानगी घेऊन फोल्डरची यादी काढली. 'दुसऱ्या पाळीची हजेरी' नावाच्या बारा फाईली बारा महिन्यांच्या फोल्डरांत नांदत होत्या.

"भाऊ, फाईल हाये," तो म्हणाला. "नाव दिसतंय तेच, पण आतली अक्षरं ती न्हाईत."

झाले होते ते असे. हजेरीच्या फाईली ज्या टंकलेखकाने केल्या त्याच्या कळफलकावर 'ऱ' ही स्वतंत्र कळ होती. वर्षाची बेरीज करणाऱ्या प्रोग्रामला कोणकोणत्या फाईली उघडावयाच्या याची यादी दुसऱ्याने दुसऱ्या यंत्रावर टंकली, आणि त्याच्या अक्षरांत ते अदृश्य जोडचिन्ह होते. प्रोग्रामने नाव विचारले, यंत्राने 'नाही' म्हटले. येथपर्यंत कोणाचा दोष म्हणावा असे काही नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. 'नाही' हे उत्तर मिळाल्यावर प्रोग्रामने थांबावयास हवे होते. ज्याने तो लिहिला त्याने त्याला थांबावयास सांगितले नव्हते. न सापडलेली फाईल सोडून पुढे जाण्यास सांगितले होते. त्यामुळे दुसऱ्या पाळीचा प्रत्येक दिवस शून्य धरला गेला, आणि बेरीज मात्र बरोबर आली. तक्ता नीटनेटका होता, खाली सही होती, शिक्का होता.

यादी दुरुस्त करून पुन्हा बेरीज घेतली तेव्हा चौदांपैकी अकरा जणांचे दिवस २४० च्या वर गेले. त्यांपैकी दोघे तोवर मिळेल तो हिशेब घेऊन गावी निघून गेले होते. त्यांना परत आणण्याचा आम्ही प्रयत्न केला. एक आला, एक नाही.

भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाने २०१४ साली प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक देण्यास आरंभ केला, त्यामागे हेच दुखणे होते. तोवर कामगाराने कारखाना बदलला की नवा खातेक्रमांक. पाच ठिकाणी काम केलेल्याची पाच खाती, आणि त्यांना एकत्र बांधणारे काही नाही. आता वर एक क्रमांक आणि त्याला जोडलेली ही निरनिराळी खाती. आयनोड आणि हार्ड लिंक यांचीच ही चाल. फरक इतकाच की येथे नावाच्या एका वेलांटीवरून दावा परत येऊ शकतो. आयनोडला वेलांटीशी कर्तव्य नसते.

इतर कार्यप्रणालींविषयी थोडक्यात सांगतो. ॲपलने १९९१ च्या आपल्या 'सिस्टिम ७' मध्ये 'एलियास' आणला. तो पत्त्याबरोबर फाईलीचा क्रमांकही लक्षात ठेवी, म्हणून त्याच तबकडीवर फाईल हलली किंवा तिचे नाव बदलले तरी तिला हुडकून काढी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये १९९५ सालापासून जे 'शॉर्टकट' दिसतात ते खरे दुवे नव्हेत. पडद्यावरची चित्रे हाताळणाऱ्या भागाला ते समजतात, पोटातल्या गाभ्याला नाही. खऱ्या सिंबॉलिक लिंक विंडोजमध्ये 'व्हिस्टा'बरोबर आल्या, आणि त्या बनविण्याचा अधिकार प्रथम व्यवस्थापकापुरताच ठेवला गेला. हे भय अगदीच निराधार नव्हते. युनिक्समध्ये सर्वांना लिहिता येईल असे एक तात्पुरते फोल्डर असते, धर्मशाळेसारखे. एखादा अधिकारी प्रोग्राम तेथे अमुक नावाने फाईल लिहिणार हे हेरून, त्याच्या आधी त्याच नावाची लिंक कोणी ठेवली आणि तिचे बोट भलत्याच महत्त्वाच्या फाईलीकडे केले, तर अधिकाऱ्याच्याच हाताने ती फाईल पुसली जाते. या युक्तीने अनेक वर्षे पुष्कळ नुकसान केले. २०१२ साली लिनक्सने अशा धर्मशाळेतील परक्याच्या लिंकेमागे न जाण्याची सोय गाभ्यातच केली.

खुद्द युनिक्स घराण्यातील मंडळींनाही ही लिंक पुरती मानवली नाही. बेल प्रयोगशाळेत पुढे 'प्लॅन ९' नावाची प्रणाली झाली, तिच्यात सिंबॉलिक लिंकेला जागाच दिली नाही. रॉब पाइक यांनी २००० साली एका निबंधात 'वरच्या फोल्डरमध्ये जा' या साध्या आज्ञेचा कसा बोजवारा उडतो ते मांडले. लिंकेतून आपण दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरलो आणि मग 'वर' गेलो, तर वर म्हणजे कोठे? ज्या वाटेने आलो तिकडे, की त्या फोल्डरचा खरा वडील जेथे आहे तिकडे? एकाच यंत्रातले दोन प्रोग्राम या प्रश्नाला आजही दोन वेगळी उत्तरे देतात.

हार्ड लिंकेची मोजणी असते, हे आम्ही वर सांगितले. सिंबॉलिक लिंकेची नसते. एखाद्या फाईलीकडे किती चिठ्ठ्या बोट दाखवीत आहेत हे त्या फाईलीला ठाऊक नसते, आणि कोणालाच ठाऊक नसते; सबंध यंत्र पिंजून काढल्याशिवाय ते कळत नाही. शिवाय जुन्या नावाची लिंक कोणी, कोठून, किती वेळा वापरतो याचीही नोंद आपोआप राहत नाही. म्हणून कारखान्याचे, जिल्ह्याचे वा खात्याचे नाव बदलले की संगणक-विभागातील मंडळी नव्या नावाचा फोल्डर करतात, जुन्या नावाची एक लिंक त्याकडे लावून देतात आणि 'काही दिवस राहू द्या' म्हणतात. जुन्या नावाने येणारे पगारपत्रक, जुना दावा, निवृत्त झालेल्या कामगाराचा अर्ज, सारे त्या लिंकेवरून आत येत राहते. ती काढावी की नाही असे आम्हांस एका तरुण प्रोग्रामरने विचारले होते. आम्ही त्यास म्हटले, त्या नावाने शेवटचा कामगार कधी आला होता ते आधी पाहा. आणि पाहण्याची सोय नसेल तर ती सोय आधी कर.